बॅटरी भरलेली तरी मीटर पळतंय, घरघंटी लावली की ट्रिप: उशीर नेमका कुठं होतोय ते कसं शोधायचं

“काय ओ, ॲपमध्ये बॅटरी शंभर टक्के दाखवतीय आणि बोर्डाचं मीटर पळतंय. मग एवढे पैसे कशाला घातले आम्ही?” सांगलीत विश्रामबागच्या एका घरी काकूंनी मला चप्पल काढायच्या आत हे विचारलं. घरात ३ किलोवॅटचे सोलर पॅनेल, ५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि बोर्डाची वीज तिन्ही सांभाळणारा) आणि ५१.२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी, म्हणजे साधारण ५ युनिटांचा साठा. बसवणाऱ्यानं “बॅटरी स्लो आहे” असं सांगून वॉरंटीत ती एकदा बदलूनही दिली होती. नव्या बॅटरीतही तेच.

ही तक्रार मला सारखी येते. साताऱ्यात करंजे पेठेतून येते, मिरजेच्या मळ्यावरून येते, फक्त रूप वेगळं असतं. कुणाचं मीटर पळतं, कुणाची घरघंटी लावली की सगळं घर अंधारात जातं, कुणाचा कंप्युटर लाईट गेल्या गेल्या बंद पडतो. तिन्हींचा राग बॅटरीवर निघतो. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत बॅटरी निर्दोष निघाली आहे, आणि लोकांचे पैसे चुकीच्या जागी जाताना बघून मला वाईट वाटतं.

बॅटरी मंद नसते

लिथियम बॅटरीच्या सेलमधून करंट निघायला वेळ लागत नाही. सर्किटनं मागितला की त्या क्षणी तो मिळतो. उशीर होतो तो मोजण्यात आणि ठरवण्यात, आणि तोही फक्त लाईट असताना.

लाईट असते तेव्हा घराचा भार ग्रीड, म्हणजे बोर्डाची तार, उचलत असते. तुम्ही गीझर लावलात की पहिल्या क्षणाची वीज तारेतूनच येते, कारण ती आधीच जोडलेली आहे आणि तिच्या मागं कोयनेसारखी फिरती यंत्रं आहेत. इन्व्हर्टरला हे कळतच नाही. मीटरपाशी तारेभोवती बसवलेली सीटी, म्हणजे करंट मोजणारी कडी, त्याला सांगते की बाहेरून २००० वॅट येतायत. मग इन्व्हर्टर बॅटरीतून तेवढी वीज हळूहळू वाढवतो. मोजमापाला काही सायकली जातात (आपल्याकडं ५० हर्ट्झ, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची), ते मोजमाप सीटीला जोडलेल्या सोलरच्या छोट्या मीटरकडून केबलमधून इन्व्हर्टरला जायला वेळ लागतो, आणि शेवटी पॉवर चढवायला. सगळं मिळून एक ते तीन सेकंद जाणं मी सामान्य धरतो.

लाईट गेलेली असताना गोष्टच वेगळी. तेव्हा इन्व्हर्टर स्वतः २३० व्होल्ट तयार करत असतो. भार जोडला की करंट आपोआप ओढला जातो. कुणी मोजायचं नाही, कुणी ठरवायचं नाही.

म्हणून पहिली तपासणी फुकटची आहे. दिवस मावळल्यावर बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असताना मेन एमसीबी खाली करा आणि बॅकअपच्या बाजूला (लाईट गेल्यावरही चालू राहणाऱ्या लाईनवर) असलेली इस्त्री किंवा केटल लावा. दिवे जागचे हलले नाहीत, तर बॅटरी आणि इन्व्हर्टर दोन्ही ठणठणीत आहेत. आता बॅटरी बदलायचा विषय डोक्यातून काढा आणि मीटरकडं चला.

मीटरचा लाल ठिपका मोजा

ॲपच्या आलेखावरून वेग ठरवू नका. बहुतेक ॲप पाच-पाच मिनिटांचे आकडे दाखवतात. दोन सेकंदांची गोष्ट त्यात दिसणारच नाही. खरं सांगतो तो मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा.

मीटरच्या पट्टीवर ‘एका युनिटला इतके पल्स’ असा आकडा छापलेला असतो, बऱ्याच सिंगल फेज मीटरवर तो ३२०० असतो. म्हणजे एक लुकलुक ०.३१ वॅट-अवरची. २००० वॅटचा गीझर पूर्ण ग्रीडवर चालत असेल तर सेकंदाला पावणेदोन वेळा दिवा लुकलुकतो. तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असेल तर हिशेब त्याप्रमाणे बदला.

रात्री पॅनेल झोपलेले असताना फ्रिजचं बटण बंद करा, एकानं मीटरपाशी उभं राहा आणि दुसऱ्याला आतून गीझर लावायला सांगा. काकूंच्या मुलानं गीझर लावला, मी बाहेर मोजत होतो: एक, दोन, तीन, चौथा जरा उशिरानं, आणि मग दिवा शांत. म्हणजे दोन सेकंदांच्या आसपास. यंत्रणा जशी चालायला हवी तशी चालत होती. त्यानंतर वीस-बावीस सेकंदांनी एखादी लुकलुक होत राहिली, त्याचं घाबरायचं कारण नाही. बॅटरीची वीज बाहेर सांडू नये म्हणून बरेच इन्व्हर्टर मुद्दाम ५० वॅटच्या आसपास ग्रीडमधून घेत राहतात.

दिवा शांत व्हायला दहा-पंधरा सेकंद लागले तर निरोप पोचवण्यात घोळ आहे. छोट्या मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंतची आरएस-४८५ केबल, म्हणजे निरोपाची वायर, बघा. जिन्यातल्या पाईपमधून पॉवरच्या वायरींबरोबर ओढलेली, पीळ नसलेली साधी वायर वापरलेली असते, आणि मग अर्धे निरोप वाटेत हरवतात. पीळ असलेली, शील्डची केबल वेगळ्या पाईपनं न्या. काही ठिकाणी मीटर आणि इन्व्हर्टरमधला निरोप वायफायवरून जातो. तो मला कधीच पसंत पडला नाही, वायर टाकून घ्या.

आणि दिवा थांबलाच नाही तर? मग हा वेगाचा प्रश्न नाही. बोअरची मोटर किंवा वरच्या मजल्याची लाईन सीटीच्या आधीच फोडून घेतलेली असते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिली नजर तिथंच जाते. जे सीटीतून जात नाही ते इन्व्हर्टरला दिसत नाही. थ्री फेज घरात सिंगल फेजचा इन्व्हर्टर एकाच फेजवर बघत बसलेला असतो आणि गीझर दुसऱ्या फेजवर असतो, तसंही होतं. कधी डिस्चार्जची मर्यादा ५० ॲम्पिअरला लावलेली असते, म्हणजे अडीच किलोवॅट. गीझर आणि शेगडी मिळून ३२०० वॅट झाले की वरचे ७०० वॅट ग्रीडमधूनच येणार. ते सेटिंग बॅटरीच्या आयुष्यासाठी असतं, ते हौसेनं वाढवू नका.

सीटी उलटी असेल तर चित्र आणखी विचित्र दिसतं. भार वाढवला की बॅटरी द्यायच्या ऐवजी चार्ज व्हायला लागते. सीटीवरच्या बाणाची दिशा प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे तपासा, अंदाजानं ठरवू नका.

मग काकूंचं मीटर का पळत होतं

गीझरच्या परीक्षेत घर पास झालं होतं, तरी महिन्याला युनिट पडत होते. मी त्यांना विचारलं, मीटर पळताना तुम्ही नेमकं कधी बघता? “सकाळी, दूध तापवताना. खिडकीतून दिसतंय न्हवं.”

दुसऱ्या दिवशी सहाला गेलो. इंडक्शन शेगडी, वर दुधाचं पातेलं, आच सगळ्यात बारीक. कान देऊन ऐकलं. शेगडी तीन सेकंद ‘घूंsss’ करायची, पाच सेकंद गप्प. परत घूं, परत गप्प. बाहेर मीटरचा दिवा तिच्याशी ताल धरून लुकलुकत होता.

बारीक आचेवर बहुतेक इंडक्शन शेगड्या पॉवर कमी करत नाहीत. त्या पूर्ण जोरात चालू-बंद होत राहतात. बाराशे वॅट तीन सेकंद, मग शून्य. इन्व्हर्टरला जागं व्हायला दोन सेकंद लागतात, तोवर शेगडीची पाळी संपत आलेली असते. पुढं आणखी वाईट. शेगडी थांबली तरी बॅटरी दोन सेकंद तेवढीच वीज देत राहते आणि ती तारेवर निघून जाते. म्हणजे यायचं तेव्हा उशीर आणि थांबायचंही उशिरानंच.

ढोबळ हिशेब केला. आठ सेकंदांच्या एका फेऱ्यात जास्तीत जास्त २४०० ज्यूल बाहेरून येतात आणि तेवढेच बाहेर जातात. अर्ध्या तासात २२५ फेरे, म्हणजे ०.१५ युनिट. सकाळ-संध्याकाळ मिळून ०.३, महिन्याला ९ युनिट. मायक्रोवेव्ह कमी पॉवरवर ठेवला की असंच होतं.

याची खात्री करायची एक पद्धत मला फार आवडते. नेट मीटरवर घेतलेले आणि दिलेले युनिट वेगवेगळे दिसतात. दिवस मावळल्यावर, संध्याकाळचा स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी, ‘दिलेले’चा आकडा लिहून ठेवा आणि पहाटे उजाडायच्या आत परत बघा. तीन-चार रात्री करा. सूर्य नसताना दिलेले युनिट वाढले असतील तर ते पॅनेलचे असूच शकत नाहीत. ती तुमची बॅटरी तारेवर सांडतीय.

नेट मीटर असेल तर आलेलं आणि गेलेलं बिलात बऱ्यापैकी फिटतं, त्यामुळं काकूंचं नुकसान किरकोळ होतं. नेट मीटर नसताना जुन्या मीटरवर हायब्रिड चालवणाऱ्यांनी मात्र हे गंभीरपणे घ्यावं. बरेच साधे इलेक्ट्रॉनिक मीटर वीज कुठल्याही दिशेला गेली तरी ती वापर म्हणूनच मोजतात. म्हणजे सांडलेल्या विजेचंही बिल तुम्हालाच येतं. शिवाय परवानगीशिवाय तारेवर वीज सोडणं नियमात बसत नाही.

उपाय साधा निघाला. त्या शेगडीवर आच एका पातळीच्या वर नेली की ‘घूं’ सलग येतो, तिथं ती खरोखर पॉवर कमी-जास्त करते. कुठली पातळी ते कानानंच कळतं. दूध आता त्या आचेवर आधी तापतं आणि उरलेलं काम बंद शेगडीवरच्या जाड बुडाच्या पातेल्यात होतं. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये वेग वाढवायचा आकडा असतो, तो बसवणाऱ्याला बेतानं वाढवायला सांगता येतो. जास्त वाढवला तर बॅटरी पुढं जाते, मागं येते, परत पुढं जाते, झोपाळ्यासारखी. दिवा मग थांबतच नाही. मी तो एक पायरी वाढवतो, रात्रभर बघतो आणि तिथंच सोडतो.

घरघंटी लावली की ट्रिप

हा प्रश्न लाईट नसतानाचा, आणि इथं वेगापेक्षा दमाचा संबंध आहे. १ एचपीची मोटर चालताना सहा-सात ॲम्पिअर घेते, पण सुरू होताना अर्धा-एक सेकंद त्याच्या पाच-सहा पट ओढते. ३५ ॲम्पिअर धरले तर ८ केव्हीए झाले. तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर हे पेलणार नाही. पाच किलोवॅटचा पेलतो, कारण बरेच इन्व्हर्टर काही सेकंदांपुरता दुप्पट भार सोसतात. सुरुवातीच्या क्षणी पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरं काम करणारा वाटा) कमी असल्यामुळं बॅटरीवर त्या प्रमाणात ताण येत नाही. ताण इन्व्हर्टरच्या आतल्या स्विचांवर येतो.

तासगावजवळच्या एका घरी दोन वर्षं बिनतक्रार चाललेली घरघंटी अचानक ट्रिप करायला लागली. इन्व्हर्टर तोच, बॅटरी तीच. लाईट असताना लावून बघितली तर घरघंटी ‘ऊंss’ करत तीन सेकंद अडखळायची आणि मग वेग घ्यायची. ग्रीडला फरक पडत नव्हता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मोटरचा स्टार्टिंग कॅपॅसिटर उतरला होता. नवा घातला, झटक्यात उचलायला लागली. इन्व्हर्टरला दोष द्यायच्या आधी मोटर ग्रीडवर किती वेळात वेग घेते ते ऐका. आणि दाणे ओतलेले ठेवून घरघंटी सुरू करू नका, आधी रिकामी फिरू द्या.

ट्रिप झाल्यावर स्क्रीनवर कुठला कोड आला ते पुसून जायच्या आत फोटो काढा. ओव्हरलोड आला तर वरचं सगळं बघा. बॅटरी व्होल्टेज कमी असा आला आणि बॅटरी निम्मी भरलेली असली, तर केबल आणि लग (केबलच्या टोकाचे नटानं आवळायचे जोड) बघायचे. भार चालू असताना एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर आणि एकदा इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वाटेत काहीतरी सैल किंवा बारीक आहे. १०० ॲम्पिअरला अर्धा व्होल्ट म्हणजे त्या सांध्यात ५० वॅटची उष्णता. एका घरी लगवरची लाल बाही तपकिरी होऊन कडक झाली होती, नखानं दाबली तर तुकडा पडला. आतला नट हातानं फिरत होता. हे मोजमाप माहितगाराकडूनच करून घ्या. नट आवळायच्या आधी घराचा भार, मग पॅनेलचा स्विच, मग बॅटरीचा ब्रेकर बंद करून दहा मिनिटं थांबायचं, इन्व्हर्टरच्या आतले कॅपॅसिटर रिकामे होईपर्यंत.

बोअरची मोटर मी घरच्या बॅकअपवर घेत नाही. टाकी भरून ठेवणं स्वस्त पडतं.

पावसाळ्यात एक वेगळीच गंमत दिसते आणि ती समजून घेण्यासारखी आहे. ॲप ४० टक्के दाखवतंय आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर लागला की बॅटरी धाडकन बंद. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळं किती उरलंय ते व्होल्टेजवरून कळत नाही. बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं नियंत्रण सर्किट, आत-बाहेर गेलेला करंट मोजून अंदाज बांधतो. आठवडेच्या आठवडे ढग राहिले आणि बॅटरी एकदाही पूर्ण भरली नाही की तो अंदाज घसरत जातो. खरे उरलेले असतात दहा टक्के. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना आयत्या वेळी हे परवडणारं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दोन आठवड्यांतून एकदा ग्रीडवरून बॅटरी शंभर टक्के भरा आणि तासभर तशीच राहू द्या.

लाईट जाताना कंप्युटर बंद पडतो

ग्रीडवरून बॅटरीवर जाताना आत रिले पलटतो, त्याला साधारण १० ते २० मिलिसेकंद लागतात. कंप्युटरचा पॉवर सप्लाय एखादी सायकलभर तग धरतो, म्हणजे सामना अटीतटीचा. सेटिंगमध्ये यूपीएस मोड आणि अप्लायन्स मोड असे दोन पर्याय असतात. अप्लायन्स मोडमध्ये पलटायला जास्त वेळ लागतो.

पण यूपीएस मोड डोळे झाकून लावू नका. त्यात बरेच इन्व्हर्टर १७०-१८० व्होल्टच्या आसपास ग्रीड सोडतात. मिरज तालुक्यातल्या एका मळ्यावर संध्याकाळी डीपीवरच्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज १७५ आणि १८५ च्या मध्ये नाचायचं, आणि इन्व्हर्टर रात्रभर टक्-टक्, टक्-टक्. रिले त्यानं लवकर मरतो आणि बॅटरी विनाकारण झिजते. तिथं अप्लायन्स मोड ठेवला, कंप्युटर आणि राउटरला वेगळा छोटा यूपीएस दिला, आणि कमी व्होल्टेजची लेखी तक्रार महावितरणच्या शाखेत द्यायला लावली.

हे बघताना एक खूण दिसली तर सगळं सोडून थांबा. मोटर लागल्यावर काही खोल्यांतले दिवे मंद होण्याऐवजी जास्त प्रखर झाले, तर न्यूट्रल सैल आहे. मेन बंद करा आणि वायरमनला लगेच बोलवा. यात टीव्ही, फ्रिज सगळं जळतं.

ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या लेड-ॲसिड बॅटरीवाल्यांसाठी थोडक्यात: तिथं खरोखर बॅटरी दोषी असू शकते. पाच-सहा वर्षांची बॅटरी आतून रोध वाढवते, मिक्सर लावला की १२.५ व्होल्टवरून क्षणात साडेदहाला येते आणि इन्व्हर्टर कटतो. मिक्सर बंद केला की परत बारा दाखवते. पाणी, टर्मिनल बघून झाल्यावरही असंच होत असेल तर तिचं आयुष्य संपलं.

सर्व्हिसला फोन करताना एवढं कागदावर असू द्या: ट्रिप झाली तेव्हा लाईट होती की नव्हती, बॅटरी किती टक्के होती, काय सुरू केलं होतं, स्क्रीनवरच्या कोडचा फोटो, गीझर लावल्यावर मीटरचा दिवा किती वेळा लुकलुकला, आणि तीन रात्रींचे ‘दिलेले’ युनिट. काकूंनी हे सगळं कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलंय. त्यांच्या शेजाऱ्यांच्या घरी गेलो तेव्हा तसाच लिहिलेला कागद शेजाऱ्यांनी मला आधी हातात दिला, आणि सीटी उलटी आहे हे मला शिडी लावायच्या आधी कळलं होतं.